ग्राफिक्स कार्ड निवडताना

[चित्रफितींचे संपादन हा आज अनेक तरुणांचा व्यवसाय झाला आहे. या कामासाठी संगणकात ग्राफिक्स कार्ड बसवतात. हे कार्ड काय काम करते आणि ते घेताना कोणत्या गोष्टी पाहाव्यात, हे या पाठात सांगितले आहे.]

मालेगाव हे यंत्रमागांचे शहर आहे. तसेच ते चित्रपटवेड्यांचेही शहर आहे. येथील नासिर शेख यांनी 2000 साली 'मालेगाव के शोले' हा चित्रपट केला. पुढे 2008 साली फैझा अहमद खान यांनी या शहरातील हौशी कलावंतांवर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट तयार केला. व्हिडिओ कॅसेटच्या काळात संपादन करायचे म्हणजे एका व्हीसीआरवरची दृश्ये दुसऱ्या व्हीसीआरवर एकामागून एक उतरवावी लागत. आज हेच काम घरातल्या संगणकावर होते. मात्र त्यासाठी संगणकाची नीट पारख करावी लागते.

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी लग्नाचे चित्रीकरण करतो. एके दिवशी तो उदास चेहऱ्याने माझ्याकडे आला.

"अस्सलाम अलैकुम, सर."

"वालेकुम अस्सलाम. काय रे, चेहरा का उतरला आहे?"

"सर, अम्मीने भिशीचे पैसे दिले, त्यातून नवे ग्राफिक्स कार्ड घेतले. दुकानदार म्हणाला, मेमरी भरपूर आहे, काम झटपट होईल. पण तीन तासांची फिल्म तयार व्हायला सहा तास लागतात. काल चौथ्या तासाला वीज गेली आणि सगळे काम वाया गेले. नवरीचा भाऊ चार दिवसांनी सौदीला परत जाणार आहे. त्याच्याबरोबर फिल्म द्यायची आहे."

मी म्हटले, "बस. आधी हे काम कसे चालते ते समजून घेऊ. मग चूक कोठे झाली ते आपोआप कळेल."

मुलांनो, त्या दिवशी आम्ही जे बोललो, तेच येथे क्रमाने पाहू.

चित्रफीत म्हणजे काय?

चित्रफीत म्हणजे एकामागून एक झरझर दाखवलेली स्थिर चित्रे. अशा प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. आपल्याकडे दूरदर्शनच्या पद्धतीत एका सेकंदाला 25 फ्रेम असतात. फुल एचडी चित्रात आडवे 1920 आणि उभे 1080 ठिपके असतात. म्हणजे एका फ्रेममध्ये 20,73,600 ठिपके झाले. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी 3 बाइट धरले, तर एका फ्रेमला 62,20,800 बाइट लागतात. या हिशोबाने एका मिनिटाच्या चित्रफितीला 9 जीबींहून अधिक जागा लागेल! तीन तासांचे लग्न कोठे साठवायचे?

म्हणून कॅमेरा एक युक्ती करतो. नवरदेव मंचावर बसलेला आहे. मागचा पडदा, फुले, खुर्ची यांत काही बदल होत नाही. मग तेच ते पुन्हा कशाला लिहायचे? कॅमेरा एक फ्रेम पूर्ण लिहितो आणि पुढच्या फ्रेममधला मुख्यतः बदल तेवढा टिपतो. यामुळे तोच एक मिनिट सुमारे 180 एमबीत मावतो. अशा रीतीने चित्रफीत आवळण्याच्या ठरावीक पद्धती आहेत. एच.264 ही पद्धत 2003 साली आली. एचईव्हीसी म्हणजेच एच.265 ही 2013 साली आणि एव्ही1 ही 2018 साली आली.

संपादनातली तीन कामे

संपादन करताना संगणकाला तीन कामे करावी लागतात. पहिले, आवळलेली चित्रफीत उलगडणे. याला डीकोड करणे म्हणतात. दुसरे, रंग सुधारणे, नावे टाकणे, दोन दृश्ये एकमेकांत मिसळणे. तिसरे, तयार झालेली फिल्म पुन्हा आवळून साठवणे. याला एन्कोड करणे म्हणतात.

आता आपल्या शहरातला कारखाना डोळ्यांसमोर आणा. संगणकाचा प्रोसेसर हा हुशार कारागिरासारखा आहे. तो कोणतेही काम करतो, पण असे कारागीर मोजकेच असतात. ग्राफिक्स कार्ड हे यंत्रमागांच्या कारखान्यासारखे आहे. तेथे शेकडो माग एकाच वेळी तेच साधे काम करत असतात. लाखो ठिपक्यांचा रंग एकदम बदलायचा असेल, तर हा कारखानाच उपयोगी पडतो. संपादनातले दुसरे काम असे होते.

पण कारखान्यात कांडी भरण्याचे वेगळे यंत्र असते. ते कापड विणत नाही. ते फक्त कांड्या भरते आणि ते काम भराभर करते. तसेच ग्राफिक्स कार्डात उलगडण्यासाठी डीकोडर आणि आवळण्यासाठी एन्कोडर असे वेगळे भाग असतात. इंटेलने 2011 साली आपल्या प्रोसेसरमध्ये 'क्विक सिंक' नावाने अशी सोय दिली. एनव्हीडियाच्या कार्डांत 2012 पासून 'एनव्हेंक' हा एन्कोडर आला. पहिले आणि तिसरे काम या भागांकडे सोपवले, की प्रोसेसर मोकळा होतो. यालाच हार्डवेअरच्या मदतीने केलेले संपादन म्हणतात.

चूक कोठे झाली?

प्रत्येक कार्डात हे दोन्ही भाग असतातच असे नाही. 2017 सालच्या जीटी 1030 या कार्डात एन्कोडर नाही. 2022 साली आलेल्या आरएक्स 6500 एक्सटी या कार्डातही तो नाही. अशी कार्डे पडद्यावर चित्र दाखवण्याचे किंवा खेळांचे काम करतात. पण फिल्म आवळण्याचे सारे ओझे प्रोसेसरवरच पडते. आमच्या विद्यार्थ्याच्या कार्डाचीही हीच गत होती. त्याने मेमरीचा आकडा पाहिला, पण एन्कोडर आहे का, हे विचारलेच नाही.

कार्ड घेण्यापूर्वी काय पाहावे?

1. आपला कॅमेरा कोणत्या पद्धतीने चित्रण करतो, हे आधी पाहावे. त्या पद्धतीचा डीकोडर कार्डात हवा. काही नवे कॅमेरे रंगांची जास्त माहिती ठेवणाऱ्या 4:2:2 प्रकारात चित्रण करतात. एनव्हीडियाच्या जीफोर्स कार्डांत हा प्रकार उलगडण्याची सोय 2025 सालच्या आरटीएक्स 50 मालिकेपासून आली. त्यापूर्वीचे महागडे कार्ड घेतले, तरी असे चित्रण अडखळते.

2. प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स आहे का, हे पाहावे. ते असेल, तर साध्या कामासाठी नवे कार्ड कदाचित लागणारही नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' हे अक्षर असते, त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते.

3. कार्डाची मेमरी कामाला पुरेशी हवी. फुल एचडीच्या साध्या कामाला 4 जीबी चालते. 4के चित्रात ठिपके चौपट असतात. त्यासाठी 8 जीबी किंवा अधिक असावी.

4. विजेचा हिशोब करावा. मदरबोर्डच्या खाचेतून कार्डाला 75 वॅटपर्यंत वीज मिळते. त्याहून अधिक वीज लागणाऱ्या कार्डाला वेगळी केबल जोडावी लागते. आपला पॉवर सप्लाय तेवढा सक्षम आहे का आणि कार्ड पेटीत मावते का, हे मोजून पाहावे.

5. आपली संपादन-प्रणाली त्या कार्डाचा उपयोग करते का, हे तपासावे. काही प्रणालींत ही सोय पैसे भरून घेतलेल्या आवृत्तीतच मिळते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. एन्कोडर वेगाने काम करतो, म्हणून चित्र अधिक सुंदर होते असे नाही. फाइल फार लहान करायची असेल, तर प्रोसेसरने सावकाश केलेले काम अनेकदा सरस ठरते. म्हणून एन्कोडर वापरताना फाइल थोडी मोठी ठेवावी.

विद्यार्थ्याने आपल्या प्रोसेसरचे नाव पाहिले. शेवटी 'एफ' होते! म्हणजे कार्डाशिवाय गत्यंतर नव्हते. दुकानदाराने विकलेला माल परत घेतला नाही. शेवटी त्याने ते कार्ड खेळांची आवड असलेल्या एका मुलाला विकले. विकताना त्यातली उणीवही त्याने स्पष्ट सांगितली. थोडे पैसे बुडाले, पण मन स्वच्छ राहिले. मग त्याने पाचही गोष्टी कागदावर लिहून नेल्या आणि एक साधेच, पण एन्कोडर असलेले कार्ड घेतले.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. "सर, फिल्म तासाभरात तयार झाली. नवरीच्या भावाला देऊनही आलो."

मी विचारले, "आणि अम्मी काय म्हणाली?"

तो हसून म्हणाला, "अम्मी म्हणाली, पुढच्या वेळी दुकानात जाण्याआधी सरांकडे जा."

मी म्हटले, "माझ्याकडे कशाला? आता तुलाच सारे ठाऊक आहे. दुसऱ्यांना सांग."

शब्दार्थ

उपजीविका – रोजीरोटी
पारख करणे – नीट तपासून पाहणे
भिशी – काही जणांनी मिळून दर महिन्याला पैसे जमवण्याची पद्धत
आवळणे – दाबून लहान करणे
अंगभूत – मुळातच आत असलेले
गत्यंतर नसणे – दुसरा उपाय नसणे
उणीव – कमतरता

स्वाध्याय

प्र. 1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) फ्रेम म्हणजे काय?
(आ) एच.264 ही पद्धत कोणत्या साली आली?
(इ) मदरबोर्डच्या खाचेतून कार्डाला किती वीज मिळते?

प्र. 2. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) ग्राफिक्स कार्डाला यंत्रमागांच्या कारखान्याची उपमा का दिली आहे?
(आ) विद्यार्थ्याची फिल्म तयार व्हायला सहा तास का लागत होते?

प्र. 3. जुने कार्ड विकताना विद्यार्थी कसा वागला? तुम्हांला त्याचे वागणे योग्य वाटते का? का ते लिहा.

प्र. 4. वाक्यांत उपयोग करा : चेहरा उतरणे, वाया जाणे, डोळ्यांसमोर आणणे.

उपक्रम : तुमच्या घरी एखादी वस्तू घेण्यापूर्वी कोणते पाच प्रश्न विचाराल, त्यांची यादी करा आणि वर्गात वाचून दाखवा.