लढाई झाली, पट्टी नाही
(पदकांच्या मागावर : लेखांक ७)

गेल्या आठवड्यात आपण पदकाची कड वाचली. हुद्दा, नाव, पलटण असं सगळं त्या बारीक रोमन अक्षरांत कोरलेलं असतं. आता नजर जरा वर, फितीकडे न्यायची. फितीवर चांदीची अरुंद पट्टी अडकवलेली असते आणि तिच्यावर लढाईचं नाव असतं. संग्राहक तिला क्लास्प म्हणतात. पदकाची किंमत बहुतेक वेळा तीच ठरवते. आपल्याकडे मात्र किंमत ठरते ती तागडीत. जळगावच्या सराफ बाजारात चांदी म्हणून मोडीत गेलेल्या पदकांचा हिशेब कुणी ठेवला असेल, असं मला वाटत नाही.

खानदेशाशी सर्वात जवळचं पदक म्हणजे ‘आर्मी ऑफ इंडिया’. फीत फिक्या निळ्या रंगाची. मागच्या बाजूला बसलेली विजयदेवता, शेजारी ताडाचं झाड आणि १७९९–१८२६ ही वर्षं. गंमत अशी की यातली सर्वात जुनी पट्टी १८०३ची आहे, १७९९ची एकही नाही. पदक मंजूर झालं १८५१ साली आणि तेही हयात असलेल्यांनाच. खडकीला विशीत लढलेला शिपाई तोवर पन्नाशी ओलांडून गेलेला. साहजिकच सगळी मिळून सुमारे साडेचार हजार पदकं निघाली. त्यांतही देशी शिपायांची थोडी, म्हणून ती दिसली की संग्राहक तुटून पडतात.

या पदकाच्या एकूण २१ पट्ट्या. असई, अडगाव, गाविलगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, महिदपूर, कोरेगाव अशी आपल्या ओळखीची गावं त्यांत भरपूर सापडतात. खानदेशाच्या वाट्याला काय आलं? ओढूनताणून एक, असीरगड. तोही आज मध्य प्रदेशात, पण जुन्या खानदेश सुभ्याचा. २१ ऑक्टोबर १८०३ रोजी कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेला तो किल्ला फारसा न झगडता मिळाला. त्याची पट्टी आहे. १८१९ साली त्याच किल्ल्याला पुन्हा वेढा पडला, तोफा धडधडल्या, तीनएक आठवडे झुंज चालली. त्याची पट्टी नाही.

थाळनेरचं तर विचारूच नका. तापीकाठचा हा किल्ला आज शिरपूर तालुक्यात येतो. महिदपूर जिंकून दक्षिणेकडे परतणारी सर टॉमस हिस्लॉपची फौज २७ फेब्रुवारी १८१८ रोजी इथे येऊन थडकली. होळकरांनी तहात हा मुलूख सोडला होता, पण किल्ला खाली झालेला नव्हता. रॉयल स्कॉट्स आणि मद्रास युरोपियन पलटणीचे निवडक सैनिक आत घुसले. आतल्या दरवाजाशी झटापट झाली आणि मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅकग्रेगर तिथेच पडले. मग किल्ल्यातल्या अरब शिपायांची कत्तल उडाली. किल्लेदार तुळशीराम मामाला फासावर चढवलं. या फाशीवरून थेट पार्लमेंटमध्ये प्रश्न उठले. अशा लढाईचं नाव छातीवर मिरवायला द्यायला सरकार बिचकलं असेल, असा तर्क मोहात पाडतो. पण मालेगावला असं काहीच घडलं नव्हतं. तेव्हा खानदेशात असलेल्या त्या गावच्या भुईकोटाने मे-जून १८१८मध्ये इंग्रजांना जवळजवळ महिनाभर अडवून धरलं, त्यांची माणसंही पुष्कळ पडली, तरी मालेगावचीही पट्टी नाही. पुढे १८८०मध्ये अफगाणिस्तानात मैवंदला मुंबईच्या पलटणींची दाणादाण उडाली. अफगाण पदकावर कंदाहार आहे, मैवंद नाही. सरकारला जे आठवायचं होतं तेवढंच चांदीत उतरलं, असं माझं मत झालं आहे.

१८५७च्या पदकाचीही तीच तऱ्हा. पांढऱ्या फितीवर दोन तांबडे पट्टे. पट्ट्या पाच : दिल्ली, लखनौच्या तीन आणि सेंट्रल इंडिया. सातपुड्यात खाज्या नाईक, भीमा नाईक यांच्या भिल्लांशी ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीला मोठी लढाई झाली. फितीवर तिचा पत्ता नाही.

मग खानदेशच्या लढाया शोधायच्या कुठे? दुसऱ्या लढायांच्या पदकांत. ‘महिदपूर’ची पट्टी असलेलं आणि कडेवर रॉयल स्कॉट्सचं नाव असलेलं पदक हाती आलं, तर त्याचा मालक दोन महिन्यांनी थाळनेरच्या दरवाजात होता का, हे तपासावंच. पदकांच्या याद्या लंडनला ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरांत आहेत. त्यांतून पट्टी खरी की मागाहून अडकवलेली, एवढं कळतं. थाळनेरसाठी पलटणीचे हजेरीपट चाळावे लागतात. मुंबईच्या पलटणींत नावाच्या शेवटी ‘नाक’ दिसलं, की मालक बहुधा महार शिपाई. कोरेगावच्या स्तंभावर अशी नावं कितीतरी आहेत. आणि पदक शंभर वर्षांहून जुनं असेल, तर ते परदेशी गिऱ्हाइकाला धाडण्याआधी १९७२चा पुरावस्तू कायदा एकदा वाचून घ्या.

पुढील आठवड्यात धरणगाव : आऊट्रमने १८२५मध्ये तिथे उभी केलेली भिल्ल पलटण.