उष्माघाताच्या रकान्याबाहेर

उन्हाळा चढला की राज्यातल्या उष्माघाताच्या रुग्णांचे आकडे छापून येतात आणि वाचक हमखास विचारतात : दवाखाने चक्कर-उलट्यांच्या पेशंटनी भरलेले असताना आकडा एवढासा कसा? प्रश्न रास्त आहे. उष्माघात म्हणायचा तर अंगाचं तापमान साधारण ४० अंश सेल्सिअसच्या पुढे हवं आणि माणसाचं भानही हरपलेलं हवं. वाटेत कुणी डोक्यावर पाणी ओतलं (ओतायलाच हवं!) की थर्मामीटरवर पारा उतरलेला दिसतो आणि केसपेपरवर ‘चक्कर’ किंवा ‘अशक्तपणा’ एवढंच उरतं.

या संदर्भात मला शिकागोचे डॉ. एडमंड डोनाह्यू फार मोठे वाटतात. जुलै १९९५ मध्ये तिथे पारा ४१ अंशांवर गेला. कुक काउंटीचे मुख्य वैद्यकीय तपासणीस असलेल्या डोनाह्यूंच्या शवागारात जागा उरली नाही. बाहेर शीतकरणाचे ट्रक उभे करावे लागले. मृत्यूचं कारण म्हणून त्यांनी उष्णता लिहायला सुरुवात केली, तेव्हा खुद्द महापौरांनीच आकड्यांवर शंका घेतली. डोनाह्यू हटले नाहीत. मृतदेहाचं तापमान १०५ फॅरनहाइटच्या वर होतं का, ते मोजता आलं नसेल तर माणूस तापलेल्या, बंद खोलीत सापडला का, हे निकष त्यांनी सोडले नाहीत. पुढे त्या आठवड्यातले एकूण मृत्यू एरवीच्या मृत्यूंशी ताडून पाहिले, तर ७३९ जास्त निघाले. डोनाह्यूंनी लिहिलेला आकडा त्याहून कमीच होता! मे २०१० च्या लाटेचा हिशेब अहमदाबादेत याच रीतीने मांडला, तेव्हा १,३४४ जादा मृत्यू दिसले.

आपल्याकडे एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ पासून आहे. त्याच्या नोंदी ऑनलाइन जातात. उन्हाच्या आजारांवर १ मार्च ते ३१ जुलै खास लक्ष असतं. पण सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यात, मेढ्यातले आकडे वाचायचे कसे? जावळीतली कितीतरी माणसं वाशीच्या बाजारात माथाडी. भर उन्हात पोती वाहताना त्यांना ऊन लागलं, तर नोंद तिकडे होणार. उलट यात्रा-लग्नसराईला गावं भरतात आणि इथल्या ओपीडीत जुलाब-उलट्या वाढतात. हे उन्हामुळे, जेवणावळींमुळे, की नुसती माणसं वाढली म्हणून? मागच्या वर्षांच्या त्याच आठवड्यांशी ताडावं, तर यात्रा तिथीनं येतात, तारखेनं नाही. अधिक महिना आला की सगळंच सरकतं. गावची यात्रा कधी, हे आशाताईंना तोंडपाठ असतं. संगणकाला ते कुणीतरी सांगायला हवं.

म्हणूनच साथींचं भाकीत करणाऱ्या नव्या यंत्रणांच्या जाहिराती वाचून मी हुरळत नाही. लोक काय शोधतात त्यावरून फ्लू ओळखण्याचा गुगलचा प्रयोग २००८ मध्ये गाजला. २०१२-१३ च्या हिवाळ्यात त्याचा अंदाज प्रत्यक्षाच्या जवळपास दुप्पट निघाला.

त्यापेक्षा केसपेपरवर एक ओळ वाढवावी : आजारी पडण्याआधी माणूस कुठे, काय काम करत होता. मार्चमध्ये त्या ओळीतून ऊन सापडेल. जुलैत, भातलावणीच्या दिवसांत, ताप घेऊन आलेली बाई चिखलात उभी राहून आली आहे हे तिथेच दिसलं, तर लेप्टोस्पायरोसिसची तपासणी पहिल्याच दिवशी होईल.