ऊन पडेपर्यंतचे पुतळे

मायकेलअँजेलो म्हटलं की डोळ्यांपुढे संगमरवर येतो. पण जानेवारी १४९४ मध्ये फ्लॉरेन्सवर कधी नव्हे तो बर्फ कोसळला, आणि शहराची सूत्रं हाती असलेल्या पिएरो द मेदिचीने या अठरा वर्षांच्या पोराला वाड्याच्या चौकात चक्क बर्फाचा पुतळा करायला लावलं. फार देखणा झाला होता, असं चरित्रकार वासारी लिहितो. पुतळा वितळला; नोव्हेंबरात फ्लॉरेन्सकरांनी पिएरोलाही शहराबाहेर काढलं!

खरी धमाल मात्र ब्रुसेल्सची. १५११ चा हिवाळा इतका कडक, की थंडीने माणसं हैराण झालेली. तरी घरातून बाहेर पडून त्यांनी चौकाचौकांत शंभराहून जास्त पुतळे उभे केले. संत होते, पुराणातले वीर होते, शत्रूची टिंगल होती आणि भल्या माणसांनी मान वळवावी असे उघडेवाघडे प्रकारही होते. नगरकवी यान स्मेकेनने या सगळ्यावर लांबलचक काव्य रचलं, म्हणून तर आज आपल्याला ही गंमत कळते. पुढे बर्फ वितळला आणि पूर आला.

आता कारागिरीचं गुपित. कडाक्याच्या थंडीतला बर्फ कोरड्या रव्यासारखा असतो, कितीही दाबा, लाडू वळत नाही. तापमान शून्य अंशाच्या आसपास आलं की कणांवर पाण्याचा पातळ थर येतो. तोच पाक! दिवाळीच्या किल्ल्यासाठी माती भिजवणाऱ्या पोरांना हे वेगळं सांगायला नको.

१८७० च्या डिसेंबरात प्रशियाच्या वेढ्यात अडकलेल्या पॅरिसच्या तटावर पहारा देता देता शिल्पकार फाल्गिएरने बर्फातून हाताची घडी घातलेली एक बाई घडवली. नाव ठेवलं ‘प्रतिकार’.

जपानच्या साप्पोरोत बर्फाचं अप्रूप नाही. ओदोरी उद्यानात तर शहरातला उपसलेला बर्फ आणून टाकत. १९५० मध्ये विद्यार्थ्यांनी तिथेच सहा पुतळे केले. त्यातूनच आजचा जगप्रसिद्ध हिममहोत्सव उभा राहिला.

आणि उंचीचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या बेथेल गावाने २००८ मध्ये १२२ फुटांची हिमबाई उभारली. पापण्या स्कींच्या, ओठ लाल रंगवलेल्या टायरचे, हात अख्ख्या झाडांचे. नाव ऑलिंपिया, तिथल्या तेव्हाच्या सिनेटरबाईंवरून. त्यांचं आडनाव काय असावं? स्नो!