हिरा, चित्रं आणि परळचं हॉस्पिटल : कोण होते सर दोराबजी टाटा?

‘हिरा विकून टाटा हॉस्पिटल बांधलं’ असा मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल. करी रोडपासून हे हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर. मग या मेसेजमध्ये खरं किती?

दोराबजी कोण?
जमशेटजी टाटांचे थोरले चिरंजीव. जन्म 1859. वडिलांची अपुरी स्वप्नं त्यांनी पूर्ण केली : 1907मध्ये टाटा स्टील, 1915मध्ये खोपोलीचं वीजकेंद्र. खोपोलीच्याच विजेवर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. 1920च्या अँटवर्प ऑलिम्पिकला भारतीय खेळाडू गेले, तेही त्यांच्याच पुढाकारानं.

कलेचं वेड
दोराबजी आणि धाकटे बंधू रतनजी, दोघांनीही देशोदेशीच्या कलावस्तू जमवल्या. फोर्टमधल्या ‘एस्प्लनेड हाऊस’मध्ये दोराबजींचं घर होतं. रतनजींचा संग्रह 1920च्या दशकाच्या सुरुवातीला, तर दोराबजींचा 1933मध्ये तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमला मिळाला. आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात तिकीट काढून कुणीही तो पाहू शकतं.

हिऱ्याची गोष्ट काय?
पत्नी मेहरबाईंसाठी घेतलेला ‘ज्युबिली’ हिरा 245.35 कॅरेटचा, म्हणजे कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. 1924मध्ये टाटा स्टीलकडे पगारालाही पैसे उरले नाहीत. तेव्हा दोराबजींनी या हिऱ्यासह सुमारे 1 कोटींची खासगी मालमत्ता इंपीरियल बँकेकडे तारण ठेवली. कंपनी सावरली, हिरा परत आला.

मग हॉस्पिटल?
1931मध्ये मेहरबाई रक्ताच्या कर्करोगानं गेल्या. दाम्पत्याला मूलबाळ नव्हतं. 1932मध्ये दोराबजींनी जवळपास सगळी संपत्ती ट्रस्टच्या नावे केली आणि त्याच वर्षी 3 जूनला जर्मनीत त्यांचं निधन झालं. हिरा नंतर विकला गेला, ते पैसेही ट्रस्टकडे आले. याच ट्रस्टनं 28 फेब्रुवारी 1941 रोजी परळमध्ये टाटा मेमोरियल सुरू केलं. 1962पासून ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे.

थोडक्यात
मेसेज अर्धा खरा. हॉस्पिटल एकट्या हिऱ्यावर उभं राहिलं नाही. त्यामागे एका माणसाची जवळपास सगळी मिळकत होती. आजही देशभरातून फाइल घेऊन आलेले रुग्ण परळला उतरतात. त्यातल्या अनेकांना दोराबजी हे नाव ठाऊकही नसतं.