रेन

रेन : पॅसेरीफॉर्मीस गणातील ट्रोग्लोडायटिडी कुलाच्या लहान पक्ष्यांना इंग्रजीत दिलेले सामान्य नाव. तपकिरी पिसारा, बारीक व किंचित बाकदार चोच, आखूड गोलसर पंख आणि बहुतेक वेळा पाठीवर उभारून धरलेली शेपटी ही त्यांची ठळक लक्षणे होत. या कुलात सु. ९० जाती असून त्यांपैकी एक वगळता बाकी सर्व अमेरिका खंडांत आढळतात. महाराष्ट्रात खरा रेन आढळत नाही. त्यामुळे त्याला रूढ मराठी नावही नाही. (देवनागरीत या नावाचे लेखन व पाऊस या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे लेखन सारखेच होते; मूळ इंग्रजीत मात्र हे दोन वेगळे शब्द आहेत.) वर दिलेल्या लक्षणांच्या आधारे हे नाव जगभरातील अनेक दूरच्या पक्ष्यांना लावले गेले व ‘रेन-वॉर्ब्लर’ या रूपाने ते दख्खनच्या माळरानांवरील वटवट्या या पक्ष्यापर्यंत येऊन पोहोचले. याशिवाय आडनाव, नौदलातील सेवा, इमारत अशा निरनिराळ्या गोष्टींशीही ते निगडित आहे.

खरा रेन : जुन्या जगात आढळणाऱ्या एकमेव जातीचे शास्त्रीय नाव ट्रोग्लोडायटीज ट्रोग्लोडायटीज असे आहे. ‘बिळात शिरणारा’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते आले असून दाट झुडपांत, मुळांच्या पोकळीत व खडकांच्या फटींत भक्ष्य शोधण्याच्या त्याच्या सवयीला ते अनुरूप आहे. हा पक्षी यूरोप, उत्तर आफ्रिका व आशियाच्या बऱ्याच भागांत आढळतो. उत्तर अमेरिकेतील त्याचे दोन प्रकार पूर्वी याच जातीत समाविष्ट होते; आवाज व आनुवंशिक भेद लक्षात घेऊन ते आता स्वतंत्र जाती मानले जातात. भारतात तो फक्त हिमालयात आढळतो. उन्हाळ्यात तो वृक्षरेषेच्या आसपासच्या व त्यावरील खडकाळ उतारांवर राहतो आणि हिवाळ्यात खालच्या दऱ्यांत उतरतो.

याची लांबी ९–१० सेंमी. व वजन सु. ९ ग्रॅ. असते. रंग तपकिरी असून पंख, शेपटी व कुशी यांवर गडद आडव्या रेषा असतात. कीटक, त्यांच्या अळ्या व कोळी हे त्याचे मुख्य अन्न होय. शरीराच्या मानाने त्याचे गाणे फारच मोठे व दूरवर ऐकू जाणारे असते. विणीच्या हंगामात नर शेवाळ, पाने व गवत यांची घुमटाकार घरटी बांधतो. तो एकाहून अधिक घरटी तयार करतो व मादी त्यांतील एक निवडून त्याला आतून पिसांचे अस्तर लावते. ती ५–८ अंडी घालते व एकटीच सु. दोन आठवडे उबविते. कडाक्याच्या थंडीत हे पक्षी एकाच पोकळीत दाटीवाटीने रात्र काढतात. इंग्लंडमध्ये एकाच कृत्रिम घरट्यात ६० हून अधिक पक्षी आढळल्याची नोंद आहे. एवढ्या लहान देहात उष्णता फार काळ टिकत नाही, हे या सवयीमागील कारण होय.

लोकसमजुती व नावाचे इतर उपयोग : सर्वांत उंच उडेल तो पक्ष्यांचा राजा, असे ठरल्यावर रेन गरुडाच्या पिसांत लपून बसला व गरुड थकताच त्याच्याही वर उडाला, अशी लोककथा यूरोपभर प्रचलित आहे. जर्मन भाषेतील त्याच्या नावाचा अर्थ ‘कुंपणाचा राजा’ व डच भाषेतील नावाचा अर्थ ‘हिवाळ्यातील छोटा राजा’ असा आहे. आयर्लंडमध्ये २६ डिसेंबर हा दिवस रेनच्या नावाने ओळखला जातो. पूर्वी त्या दिवशी या पक्ष्याची शिकार करून मिरवणूक काढीत. आता मिरवणूक निघते, परंतु जिवंत पक्षी मारला जात नाही. ब्रिटनमध्ये फार्दिंग या सर्वांत कमी किंमतीच्या नाण्यावर १९३७ ते १९५६ या काळात रेनचे चित्र होते. लहान नाण्यासाठी लहान पक्षी योजण्यात आला होता.

रेन हे इंग्रजी आडनावही आहे. १६६६ च्या आगीनंतर लंडनमधील सेंट पॉल कॅथीड्रलची नवी वास्तू उभारणारे क्रिस्टोफर रेन (१६३२–१७२३) हे वास्तुविशारद, गणिती व रॉयल सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक होते. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचे ग्रंथालय त्यांच्याच आराखड्यानुसार बांधले असून ते ‘रेन ग्रंथालय’ म्हणून ओळखले जाते. श्रीनिवास रामानुजन यांची ‘हरवलेली वही’ १९७६ मध्ये याच ग्रंथालयात गणितज्ञ जॉर्ज अँड्र्यूज यांना सापडली. मराठी वाचकाला हे आडनाव मुख्यतः ‘रेन अँड मार्टिन’ या नावाने रूढ झालेल्या इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकामुळे परिचित आहे. त्याचे एक लेखक पर्सिव्हल क्रिस्टोफर रेन (१८७५–१९४१) हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात अधिकारी होते. पुढे ते कादंबरीकार म्हणून प्रसिद्धीस आले.

ब्रिटिश नौदलातील महिलांची सेवा १९१७ मध्ये स्थापन झाली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तीतील स्त्रियांना ‘रेन्स’ म्हणू लागले. ही सेवा १९१९ मध्ये बंद होऊन १९३९ मध्ये पुन्हा सुरू झाली व १९९३ मध्ये मुख्य नौदलात विलीन झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतीय नौदलातही याच धर्तीवर महिलांची शाखा होती. येथे पक्ष्याशी संबंध केवळ उच्चारसाम्याचा आहे.

नामसादृश्य असलेले पक्षी : इंग्रज वसाहतकरी ज्या ज्या भूभागात गेले तेथील लहान, चपळ व शेपटी उभारणाऱ्या पक्ष्यांना त्यांनी आपल्या मायदेशातील परिचित पक्ष्याचे नाव दिले. ऑस्ट्रेलियातील निळ्या रंगाचे ‘फेअरी-रेन’ मॅल्युरिडी या स्वतंत्र कुलातील आहेत. न्यूझीलंडमधील ‘रेन’ अकँथिसिटिडी या अतिप्राचीन कुलातील असून इतर सर्व पॅसेरीफॉर्मीस पक्ष्यांपासून त्यांची शाखा फार पूर्वीच वेगळी झालेली आहे. यांपैकी स्टीफन्स बेटावरील रेन हा उडू न शकणारा पक्षी होता. १८९४ मध्ये त्या बेटावर दीपगृह सुरू झाले व त्याबरोबर मांजरे आली. शास्त्रज्ञांनी पक्ष्याला नाव दिले त्याच सुमारास, म्हणजे १८९५ च्या आसपास, तो नामशेष झाला.

ईशान्य भारतातील ‘रेन-बॅब्लर’ हेही खरे रेन नव्हेत. अरुणाचल प्रदेशातील मिशमी टेकड्यांत सालिम अली व डिलन रिप्ली यांना १९४७ मध्ये मिळालेल्या एकमेव नमुन्यावरून लालसर गळ्याच्या रेन-बॅब्लरची जाती ठरविण्यात आली. त्यानंतर २००४ पर्यंत तो कोणाच्याही दृष्टीस पडला नव्हता. नाव लहानशा सारखेपणावरून मिळालेले असले, तरी त्या नावाचा पक्षी जगात एखाद्याच डोंगररांगेत असू शकतो, हे यावरून स्पष्ट होते.

रेन-वॉर्ब्लर अथवा वटवट्या : प्रिनिया वंशातील पक्ष्यांना भारतातील जुन्या इंग्रजी ग्रंथांत ‘रेन-वॉर्ब्लर’ म्हटलेले आहे. सालिम अलींच्या १९४१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या भारतीय पक्ष्यांवरील ग्रंथातही तेच नाव होते. आता इंग्रजीतही ‘प्रिनिया’ हेच नाव रूढ असून ‘रेन-वॉर्ब्लर’ ही संज्ञा आफ्रिकेतील दुसऱ्या एका वंशाकडे गेली आहे. प्रिनिया हा शब्द जावा बेटावरील स्थानिक नावावरून टॉमस हॉर्सफील्ड यांनी १८२१ मध्ये घेतला. पूर्वी या पक्ष्यांची गणना सिल्व्हिइडी कुलात होत असे. डीएनएच्या अभ्यासानंतर त्यांचा समावेश सिस्टिकोलिडी कुलात करण्यात आला. रेनशी त्यांचे जवळचे नाते नाही.

या पक्ष्यांच्या शास्त्रीय नामकरणात महाराष्ट्राला महत्त्वाचे स्थान आहे. मुंबई सरकारच्या सेवेतील कर्नल विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) यांनी दख्खनमध्ये पाहिलेल्या पक्ष्यांची यादी १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिविज्ञान संस्थेपुढे मांडली. त्या यादीत राखी वटवट्या (प्रिनिया सोशॅलिस) व साधा वटवट्या (प्रिनिया इनॉर्नेटा) या दोन जातींची वर्णने प्रथमच आली. म्हणजे या दोन्ही जातींची शास्त्राला झालेली ओळख दख्खनच्या पठारावरून झाली आहे.

राखी वटवट्याची लांबी सु. १३ सेंमी. असून वरची बाजू राखाडी व खालची फिकट तांबूस असते. डोळे लालसर असतात. झुडपातून उडताना त्याच्या पंखांपासून ठिणगी उडाल्यासारखा ‘चट्‌ चट्‌’ आवाज येतो. साधा वटवट्या तेवढाच असून फिकट मातकट रंगाचा असतो व त्याच्या डोळ्यावर फिकी भुवई असते. त्याची शेपटी लांब व पायऱ्यापायऱ्यांची असते. इनॉर्नेटा या शब्दाचा अर्थही ‘अलंकार नसलेला’ असाच आहे. यांशिवाय खडकाळ, झुडपी उतारांवर जंगली वटवट्या (प्रिनिया सिल्व्हॅटिका) व कोरड्या प्रदेशात तांबूस कपाळाचा वटवट्या (प्रिनिया बुकॅनानी) हेही दख्खनमध्ये आढळतात.

सर्व जाती मुख्यतः कीटकभक्षक आहेत. वीण प्रामुख्याने पावसाळ्यात होते. राखी वटवट्या पुष्कळदा शिंपी पक्ष्याप्रमाणे पाने टाचून त्यांत घरटे करतो. त्याची अंडी चकचकीत विटकरी तांबडी असतात. साधा वटवट्या गवताच्या बारीक चिरट्या विणून लांबट थैलीसारखे घरटे उंच गवतात किंवा उभ्या पिकात करतो. त्याची अंडी निळसर असून त्यांवर तपकिरी ठिपके व केसासारख्या रेषा असतात. कोकिळेच्या कुलातील काकोमँटिस पॅसरायनस हा लहान पक्षी वटवट्यांच्या घरट्यात आपली अंडी घालतो.

मराठी नाव : ‘वटवट्या’ हे नाव या पक्ष्याच्या अखंड व एकसुरी आवाजावरून आले असून सतत बोलणाऱ्या माणसालाही मराठीत हाच शब्द लावतात. पक्षी व माणूस यांना एकच नाव असण्याची मराठीत अनेक उदाहरणे आहेत. पाने शिवणारा तो शिंपी, लाकूड टोचणारा तो सुतार, पाण्याकाठी वावरणारा तो परीट, इतर पक्ष्यांवर वचक ठेवणारा तो कोतवाल आणि सुबक घरटे विणणारी ती सुगरण. ही नावे पक्ष्याच्या वागणुकीच्या प्रत्यक्ष निरीक्षणातून आलेली आहेत. सोलापूर येथे जन्मलेले वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी आपल्या पक्षिकोशात अशी नावे संकलित केली. रेन-वॉर्ब्लर हे नाव पक्ष्याच्या आकृतीची दूरच्या पक्ष्याशी तुलना करते, तर वटवट्या हे नाव शेताच्या बांधावर तो ओळखण्यास उपयोगी पडते.

अधिवास व संरक्षण : वटवट्यांना मोठ्या अरण्याची गरज नसते. गवत, बोर, तरवड, हिवर, बाभूळ अशी खुरटी झुडपे, शेताचे बांध व बागांची कुंपणे त्यांना पुरतात. सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात असा प्रदेश विस्तृत आहे. शहराच्या आग्नेयेस अक्कलकोट रस्त्यावर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत असून ती चादरी व टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागांसाठी प्रसिद्ध आहे. अशा वसाहतींमधील मोकळे भूखंड, वेडी बाभूळ व गवत वाढलेल्या रस्त्याच्या कडा आणि कारखान्यांच्या आवारातील झुडपे हा राखी वटवट्याला मानवणारा अधिवास होय. साध्या व जंगली वटवट्यांना मात्र सलग गवताळ किंवा झुडपी माळ लागतो व बांधकामाबरोबर तोच प्रथम नाहीसा होतो.

आज यांपैकी कोणतीही जाती संकटग्रस्त मानलेली नाही. कमी होत आहे तो त्यांचा अधिवास. भारताच्या पडीक जमिनींच्या अधिकृत नकाशासंग्रहात झुडपी जमीन हा पडीक जमिनीचाच एक प्रकार धरला आहे. पडीक म्हणजे निरुपयोगी, असा अर्थ व्यवहारात घेतला जातो. त्यामुळे अशी जमीन इमारती, रस्ते किंवा परकीय वृक्षांची लागवड यांसाठी सहज उपलब्ध समजली जाते. माळरानाचे पर्यावरणीय मूल्य सोलापूर जिल्ह्यात सर्वप्रथम माळढोकामुळे लक्षात आले व १९७९ मध्ये नान्नज परिसरासह माळढोक अभयारण्य स्थापन झाले. माळढोकाची महाराष्ट्रातील संख्या त्यानंतर अत्यल्प झाली. अभयारण्याबाहेरच्या लहान माळांना असे संरक्षण नाही आणि वटवट्यासारख्या सामान्य पक्ष्याच्या नावाने ते मिळण्याचा संभवही कमी आहे.

या पक्ष्यांसाठी करावयाचे उपाय साधे आहेत. भूखंडांवरील व रस्त्याकडेचे गवत भर पावसाळ्यात न कापता विणीचा हंगाम संपल्यावर कापणे, गवत न जाळणे, बांधावरील देशी झुडपे राखणे आणि मोकळ्या जागांचा काही भाग मूळ माळाच्या स्वरूपात ठेवणे हे त्यांत प्रमुख होत. रेन हे नाव या पक्ष्यांकडून आता गेले आहे व ते चुकीचेच होते. त्यांच्या माळाला लावलेले ‘पडीक’ हे नाव मात्र अद्याप कायम असून वटवट्याचे भवितव्य त्या नावाच्या फेरविचारावर अधिक अवलंबून आहे.