‘कारण’ एका रकान्यात मावत नाही

मराठी माणसाला धार आणि देवास परके नाहीत. दोन्ही गाद्या पवारांच्या, आणि 1948 साली आजारपणात देवासला आलेले कुमार गंधर्व पुढे तिथलेच झाले. मधले इंदूर ओलांडले की एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जायला फारसा वेळ लागत नाही. माणसांचे जगणे मात्र वेगळे आहे. 2011 च्या जनगणनेनुसार धार जिल्ह्यात निम्म्याहून अधिक लोक आदिवासी आहेत, मुख्यतः भिल्ल आणि भिलाला. देवासमध्ये हे प्रमाण साधारण सहावा हिस्सा. धारमध्ये पिथमपूरचे कारखाने आहेत आणि सरदार सरोवरामुळे विस्थापित झालेले निसरपूरही. देवासची ओळख सोयाबीनच्या शेतांची आणि नोटांच्या छापखान्याची.

आत्महत्येचा धोका या दोन्हीकडे एकाच वाटेने येत असेल, हे संभवत नाही. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात महानगर म्हणून इंदूरचा आकडा वेगळा छापला जातो. धार आणि देवास मध्य प्रदेशच्या बेरजेत विरघळतात. 2022 मध्ये ती बेरीज होती 15,386. महाराष्ट्राची 22,746. लोकसंख्येशी ताडून पाहिले तर दोन्ही राज्ये जवळजवळ सारखीच, लाखामागे साधारण 18. देशाची सरासरी 12.4 होती.

याच अहवालात ‘कारण’ या शीर्षकाखाली कौटुंबिक समस्या जवळपास 32 टक्के आणि आजारपण 18 टक्के असे लिहिलेले असते. पोलिसांना पंचनाम्यानंतर काहीतरी एक भरावेच लागते. पण कर्ज, दारू, न ओळखलेले नैराश्य, घरातली मारहाण, गाव सोडावे लागल्याने तुटलेली नाती, यांतले कोणते ‘खरे’? बहुतेकदा हे सगळे एकमेकांवर साचत जाते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी 1897 मध्येच दाखवले होते की आत्महत्येचे प्रमाण समाजागणिक बदलते, आणि माणूस इतरांशी किती बांधलेला आहे याचा त्याच्याशी संबंध असतो. विस्थापित गावाकडे या नजरेने पाहिले की पुनर्वसनात घराइतकाच शेजारही का मोजायला हवा, ते कळते.

नोंदींवरही किती विसंबायचे? 2010 साली पोलिसांच्या हिशेबाने देशात सुमारे 1 लाख 35 हजार आत्महत्या झाल्या. घरोघरी जाऊन मृत्यूची हकीकत विचारणाऱ्या, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाचा अंदाज होता 1 लाख 87 हजार. बदनामी आणि पोलिसी ससेमिरा यांच्या भीतीने घरचे लोक अनेकदा ‘अपघात’ सांगतात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरायला सांगितले. गावातली भीती मात्र कायद्याइतक्या लवकर बदलत नाही.

दिलासा देणारी गोष्ट अशी की टोकाचा क्षण अनेकदा थोड्या वेळाचा असतो, आणि त्यातून वाचलेल्यांपैकी बहुसंख्य लोक पुढे आत्महत्येने मरत नाहीत. म्हणून त्या क्षणी जीवघेणे साधन हाताशी नसणे महत्त्वाचे; श्रीलंकेने हेच ओळखले. अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणल्यावर तिथले आत्महत्येचे प्रमाण दोन दशकांत सुमारे 70 टक्क्यांनी उतरले, आणि पिकांचे उत्पादनही घटले नाही. कापूस-सोयाबीनच्या माळव्याने आणि विदर्भाने हा अनुभव बारकाईने वाचायला हवा.

दुसरा अनुभव तर आपल्याच घरचा. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातल्याच कार्यकर्त्यांना नैराश्य ओळखायला आणि ऐकून घ्यायला शिकवले. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात 4.3 वरून 27.2 टक्क्यांवर गेले. डॉक्टर नव्हे, ओळखीची बाई दारात आली, यातच बरेच काही आले.

मध्य प्रदेशातल्या जिल्हा रुग्णालयांत समुपदेशनासाठी ‘मन कक्ष’ आहेत. शिवाय 2022 मध्ये सुरू झालेल्या ‘टेली मानस’च्या 14416 या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते, मराठीतही. धारच्या पाड्यावरून भिलीत बोलणाऱ्या बाईला समोरून तिच्याच बोलीत उत्तर मिळावे, यासाठी ‘विश्राम’सारखी गावातलीच माणसे तयार करावी लागतील.