बालवाडीची मोरी

मूल बालवाडीत घालावयास गेले की पालकांना बहुधा एक प्रश्न विचारला जातो : "शी-शू सांगतो ना?" सांगत नसेल, तर "सांगायला लागला की आणा," असे उत्तर मिळते. विचारणाऱ्या बाईंच्या मनात दुष्टावा नसतो. मुले पुष्कळ, हात थोडे आणि पाणी बेताचे, ही त्यांची अडचण खरीच आहे. पण देहूच्या पंचक्रोशीत दुसऱ्या बाजूची अडचणही तेवढीच खरी आहे. तळवड्याला नि चाकणला कारखान्यात जाणारे आईबाप पाळी साधण्यासाठी घराबाहेर पडतात, आणि आजी कितीदा तरी दूर गावी राहिलेली असते. मग जे घरी शिकवायचे, ते शिकवावयास घरी आहे कोण? म्हणून हे काम बालवाडीच्या दाराबाहेरचे की आतले, याचा विचार आज आपल्यापुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

आमच्या मते ते आतलेच आहे. इतकेच नव्हे, तर तो बालवाडीतला पहिला धडा आहे.

हा धडा मोठ्यांना वाटतो तितका सोपा नाही. लघवी लागल्याची जाणीव होणे, ती सांगेपर्यंत धरून ठेवणे, चड्डी उतरवणे, बसणे आणि मग सोडणे, अशी ही पाच कामे आहेत. बहुतेक मुलांचे शरीर त्यांसाठी दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान तयार होते. काहींना अधिक काळ लागतो. दिवसाचा ताबा आधी येतो, रात्रीचा मागाहून. पाच वर्षांच्या आत अंथरूण ओले झाले, तर त्याला कोणी रोग मानीत नाही. शिकलेले मूलही नव्या जागेत, घरी पाठचे भावंड आले असता किंवा खेळात रंगले असता पुन्हा चुकते. अशा वेळी रागावले म्हणजे काय होते? मूल भिऊन शी दाबून धरते. दाबलेली शी घट्ट होते, दुखते. दुखते म्हणून ते आणखी दाबते. आणि शेवटी त्याच्या नकळत चड्डी खराब होते. आपण त्याला आळशी म्हणतो. वस्तुतः ते भ्यालेले असते.

मारिया माँटेसोरी यांनी १९०७ साली रोममध्ये गरीब वस्तीतील मुलांसाठी आपले पहिले बालगृह उघडले. तेथे एके दिवशी त्यांनी रुमालाने नाक कसे पुसावे, याचा पाठ दिला. मुले हसतील अशी त्यांची अपेक्षा होती. पण मुलांनी तो पाठ एकाग्रतेने पाहिला आणि शेवटी टाळ्या वाजवल्या. शेंबड्या नाकावरून त्यांना आजवर बोलणीच बसली होती. नाक पुसावे कसे, हे शांतपणे कोणी दाखविले नव्हते. शी-शूचेही असेच आहे.

आपल्याकडे हे काम ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. हरिजन वाड्यातील मुले बालवाडीत येत ना, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. मुलांना आंघोळ घालणे, नखे काढणे, केस विंचरणे, हाच तेथला अभ्यास होता. त्या अंगणवाडीचेच नाव २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या सरकारी बालविकास योजनेतील केंद्रांना मिळाले.

यातली एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शिकलेल्या बायांनी स्वतःच्या हाताने ती मुले धुतली. आज पुष्कळ ठिकाणी शिक्षिका शिकवते आणि मदतनीस धुते, अशी वाटणी झालेली दिसते. कामाची वाटणी समजण्यासारखी आहे. पण बाई नाक मुरडून मदतनिसाला हाक मारतात, तेव्हा कोणते काम हलके आणि कोणती माणसे हलकी, हे मूल अक्षरओळखीच्या आधी शिकते.

तेव्हा करावे काय? मुले आल्यावर, खाण्यापूर्वी आणि घरी जाण्यापूर्वी सर्वांना मोरीकडे न्यावे. बळेच बसवू नये. नाडीच्या चड्डीपेक्षा इलॅस्टिकची बरी, ती मुलाला स्वतः उतरविता येते. मोठ्या भांड्यावर बसताना मूल पडण्याला भिते. त्याला पाय टेकावयास जागा हवी आणि उजेड हवा. मग लहान असावा, साबण हाताला येईल असा ठेवावा. मुलींना पुढून मागे धुवावयास शिकवावे. घरून एक जादा चड्डी पिशवीत मागवावी. चुकले तर चारचौघांत वाच्यता न करता, "ओले झाले, चल बदलू," एवढेच म्हणावे. "आता धुऊ का?" असे विचारून मगच हात लावावा, आणि जे मुलाला जमते ते त्यालाच करू द्यावे. हे काम दुसऱ्या मोठ्या माणसाच्या नजरेत, पण इतर मुलांच्या नजरेआड व्हावे. कोणी कोठे हात लावावा आणि कोणाला नको म्हणावे, हेही मुलाला येथेच कळते. ज्या मुलाच्या शरीरात काही उणे आहे त्याला वेळ अधिक लागेल; तेवढ्यासाठी त्याला दार बंद असू नये.

यासाठी बाईंना हात आणि पाणी दोन्ही पुरविले पाहिजे. ती जबाबदारी त्यांची एकट्यांची नव्हे, गावाची आहे. इंद्रायणीकाठच्या या गावात वारकऱ्यांसाठी गाडगे महाराजांनी धर्मशाळा बांधली. खराटा ते स्वतःच्या हातात धरीत. त्या गावाला हे नव्याने सांगावे लागू नये.

आपल्यापैकी जे कोणी नातवंडासाठी बालवाडी पाहावयास जातील, त्यांना आमची एक विनंती आहे. भिंतीवरची चित्रे सावकाश पाहावीत; आधी मोरी पाहावी. नळ मुलाच्या उंचीवर आहे का, साबण ओला आहे का, आणि आत गेलेले मूल हसत बाहेर येते का, एवढे पाहिले तरी पुरे.